अजगर पाळण्याचा छंद : प्राणिशास्त्र, कायदा आणि बोर परिसरातील लोकव्यवहार

प्रस्तावना

वर्धा जिल्ह्यातील सेलू तालुक्यात हिंगणी हे गाव वसलेले आहे. गावावरून बोर धरणाकडे रस्ता जातो आणि धरणापलीकडे साग, ऐन, तेंदू व बांबूचे जंगल सुरू होते. हे जंगल १९७० साली अभयारण्य म्हणून आणि २०१४ साली व्याघ्र प्रकल्प म्हणून घोषित झाले. सुमारे १३८ चौरस किलोमीटर क्षेत्राचा हा प्रकल्प देशातील सर्वांत लहान व्याघ्र प्रकल्पांत मोडतो. क्षेत्र लहान असल्यामुळे जंगल आणि शेत यांच्यातील सीमारेषा येथे कागदावर जितकी स्पष्ट आहे तितकी ती प्रत्यक्षात नाही. वाघाची चर्चा होते, वर्तमानपत्रांतून त्याच्या बातम्या येतात. परंतु त्याच सीमारेषेवरून गाजावाजा न करता ये-जा करणारा दुसरा मोठा शिकारी प्राणी म्हणजे अजगर होय.

कालव्याचा काठ, नाल्यातील झुडपे, उंदीर-घुशींनी पोखरलेले धुरे, साळिंदराची बिळे आणि कोंबड्यांचे खुराडे ही सर्व ठिकाणे अजगराच्या सोयीची असतात. अशा परिसरात अजगर दिसला की तीन प्रकारची प्रतिक्रिया संभवते. तो मारला जातो, सर्पमित्राला बोलावून पकडला जातो, किंवा पिल्लू असेल तर कुतूहलापोटी घरी ठेवले जाते. पहिल्या दोन प्रतिक्रियांविषयी बरेच लिहिले गेले आहे. तिसरीविषयी फारसे लिहिले जात नाही, कारण ती निरुपद्रवी, किंबहुना प्राणिप्रेमाची खूण मानली जाते. प्रस्तुत लेखात या समजुतीची तपासणी करावयाची आहे. अजगर पाळण्याचा धोका म्हटले की पाळणाऱ्याच्या जिवाचा धोका डोळ्यांसमोर येतो. तो खराच आहे. मात्र बोरसारख्या परिसराच्या दृष्टीने त्याहून मोठा धोका उलट दिशेचा आहे, म्हणजे पाळलेल्या अजगरापासून रानातल्या अजगराला असलेला.

नाव आणि ओळख

‘अजगर’ हा शब्द संस्कृतातून जसाच्या तसा मराठीत आलेला असून त्याचा अर्थ ‘अज’ म्हणजे बकरा गिळणारा असा होतो. महाभारताच्या वनपर्वात शापाने अजगर झालेला नहुष भीमाला विळखा घालतो. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताने जे चोवीस गुरू सांगितले त्यांत अजगरही आहे. आपोआप मिळेल त्यावर समाधान मानणे हा त्याच्याकडून घेतलेला गुण होय. एकनाथी भागवतामुळे हा अजगर मराठी घराघरांत पोहोचला. भयंकर बळ आणि पराकोटीची स्वस्थता या दोन्ही प्रतिमा परंपरेत शेजारीशेजारी नांदतात. आश्चर्य असे की प्राणिशास्त्राच्या दृष्टीनेही दोन्ही बरोबर आहेत, आणि अजगर पाळणाऱ्याची फसगत बहुधा दुसरीवर विसंबून पहिली विसरल्यामुळे होते.

भारतात अजगराच्या तीन जाती आढळतात. महाराष्ट्रासह देशाच्या बहुतांश भागात आढळणारा तो भारतीय अजगर, शास्त्रीय नाव पायथन मोलुरस. ईशान्य भारतात ब्रह्मदेशी अजगर, म्हणजे पायथन बायव्हिटॅटस, आढळतो. तिसरा जाळीदार अजगर हा जगातील सर्वांत लांब साप असून भारतात तो निकोबार बेटांवर आहे. भारतीय आणि ब्रह्मदेशी अजगर यांना २००९ पर्यंत एकाच जातीच्या दोन उपजाती मानले जात असे. ही बाब पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

भारतीय अजगर सामान्यतः तीन ते चार मीटरपर्यंत वाढतो. अंड्यातून बाहेर येणारे पिल्लू मात्र जेमतेम हात-दीड हात लांबीचे असते, आणि येथेच पहिला प्रश्न उद्भवतो. विदर्भात ज्याला परड म्हणतात तो घोणस हा अतिविषारी साप जाड अंगाचा, तपकिरी ठिपक्यांचा आणि मंद हालचालींचा असतो. डुरक्या घोणस हा बिनविषारी सापही जाड व ठिपकेदार असतो. तिघांपैकी कोणता कोणता हे अंधुक प्रकाशात ओळखणे सोपे नाही. घोणसाच्या अंगावर गडद कडांच्या लंबगोल ठिपक्यांच्या तीन माळा डोक्यामागून शेपटीकडे नियमित ओळीत गेलेल्या असतात आणि त्याचे खवले खरखरीत असतात. अजगराचे ठिपके मोठे, वेडेवाकडे व परस्परांशी न जुळणारे असतात, अंग तुकतुकीत असते आणि डोक्यावर भाल्याच्या पात्यासारखी खूण असते. डुरक्या घोणसाची शेपटी आखूड असते. हे फरक पुस्तकात वाचताना सोपे वाटतात. सोयाबीनच्या ढिगाखालून अर्धवट बाहेर आलेल्या सापाच्या बाबतीत ते सोपे राहत नाहीत. अजगराचे पिल्लू समजून घोणस हाती घेणे ही चूक एकदाच घडते. त्यामुळे पाळण्याच्या छंदातील सर्वांत मोठी जोखीम कित्येकदा अजगराची नसून ओळखीच्या चुकीची असते.

बळ आणि भूक

अजगराला विष नसते. त्याचे मागे वळलेले, सुईसारखे दात भक्ष्य पकडून ठेवण्याचे काम करतात आणि मारण्याचे काम विळखा करतो. विळख्यामुळे भक्ष्य गुदमरून मरते, असे वर्षानुवर्षे शिकविले गेले. २०१५ साली अमेरिकेत बोआ जातीच्या सापांवर व उंदरांवर झालेल्या प्रयोगांतून वेगळे चित्र समोर आले. विळखा बसताच काही सेकंदांत भक्ष्याचा रक्तप्रवाह खंडित होतो, रक्तदाब कोसळतो आणि हृदयाचे कार्य बिघडते. श्वास कोंडण्यापूर्वीच मेंदूला रक्त मिळेनासे होते. महाविद्यालयीन पाठ्यपुस्तकांत ‘गुदमरणे’ हाच शब्द अद्याप आढळतो, तो दुरुस्त होणे इष्ट आहे. या माहितीला व्यावहारिक महत्त्वही आहे. मोठ्या अजगराच्या विळख्यात सापडलेल्या माणसाजवळ मदतीसाठी ओरडण्यास मिनिटे नसतात.

अजगराचे भक्ष्य शोधण्याचे साधनही लक्षात घ्यावे लागते. त्याच्या ओठांलगत उष्णतासंवेदी खळगे असतात. अंधारातही उबदार देहाची जागा तो यांच्या साहाय्याने ओळखतो. गंध जिभेने टिपला जातो. ज्या हाताने नुकतीच कोंबडी धरली तो हात अजगराच्या लेखी कोंबडीच असतो. कुत्रा वा गाय ज्या अर्थाने मालक ओळखते त्या अर्थाने अजगर कोणास ओळखत नाही. पाळलेला अजगर ‘शांत’ झाला असे म्हटले जाते तेव्हा तो माणसाच्या स्पर्शाला घाबरेनासा झालेला असतो, एवढेच. ही सवय भुकेच्या क्षणी उपयोगी पडत नाही.

भुकेचे शरीरशास्त्र तर अधिकच विलक्षण आहे. ब्रह्मदेशी अजगर आठवडेच्या आठवडे उपाशी राहू शकतो आणि त्या काळात त्याची आतडी व इतर अवयव आकुंचित स्थितीत राहतात. मोठे भक्ष्य गिळल्यावर त्याच्या चयापचयाचा वेग स्थिर अवस्थेच्या चाळीसपटींहून अधिक वाढल्याची नोंद १९९८ साली प्रसिद्ध झाली. त्याच्या हृदयाचे आकारमान दोन-तीन दिवसांत सुमारे चाळीस टक्क्यांनी वाढते, असे २००५ साली दाखविण्यात आले. अवधूताने वाखाणलेली स्वस्थता म्हणजे आळस नव्हे. ती ऊर्जेची काटकसर आहे, आणि काटकसर संपते त्या क्षणी प्राणी पूर्णतः वेगळा भासतो.

परदेशांतील घटना

जेथे अजगर पाळण्यास मुभा होती वा आहे तेथील अनुभव बोलके आहेत. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात २००९ साली घरात पाळलेला ब्रह्मदेशी अजगर रात्री पेटीतून निसटला आणि त्याने दोन वर्षांच्या मुलीचा बळी घेतला. हा अजगर सुमारे अडीच मीटर लांबीचा होता. अवाढव्य म्हणावा असा नव्हता. तो कित्येक दिवस उपाशी असल्याचे खटल्यात पुढे आले आणि मुलीची आई व तिचा जोडीदार यांना २०११ साली शिक्षा झाली. कॅनडातील कॅम्पबेल्टन येथे २०१३ साली प्राणिविक्रीच्या दुकानावरील घरात आफ्रिकी अजगर हवा खेळती ठेवण्याच्या नळीतून शिरला आणि चार व सहा वर्षांचे दोन भाऊ झोपेतच मृत्यू पावले. इंग्लंडमध्ये २०१७ साली मृत्यू पावलेला तरुण तर साप पाळण्याचा अनेक वर्षांचा अनुभव असलेला होता, आणि त्याचा अजगरही अडीच मीटरच्या आतबाहेरचाच होता.

तिन्ही घटनांमधील साम्य लक्षणीय आहे. प्राणी निसटला किंवा एकट्या माणसाने हाताळला. अडीच-तीन मीटरहून लांब अजगर एकट्याने हाताळू नये, हा अनुभवी पाळकांमधील नियम अशाच घटनांतून आला आहे. मात्र जगभरात पाळलेल्या अजगरांची संख्या ध्यानी घेता असे मृत्यू विरळाच म्हणावे लागतील. कुत्र्यांमुळे होणारे मृत्यू यापेक्षा कितीतरी अधिक आहेत. केवळ या भयाच्या आधारे अजगर पाळण्यास विरोध करणारा युक्तिवाद त्यामुळे लंगडा पडतो, आणि छंदी मंडळी तो सहज खोडून काढतात.

पेटीतील जीवन

अजगराच्या बाजूने विचार केल्यास चित्र अधिक स्पष्ट होते. साप शरीराचे तापमान बाहेरच्या उष्णतेवर राखतात. राजस्थानातील केवलादेव राष्ट्रीय उद्यानात झालेल्या अभ्यासांतून भारतीय अजगर साळिंदराच्या बिळांचा आश्रय घेतो, हिवाळ्यात बिळाच्या तोंडाशी ऊन खातो आणि ऊन सरताच आत जातो, असे दिसून आले आहे. बिळातील तापमान ऋतूनुसार फार बदलत नाही, हेच त्या निवाऱ्याचे मर्म होय. वर्धा जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे जातो व हिवाळ्याच्या रात्री बोचऱ्या असतात. अशा हवामानात पत्र्याच्या पेटीत किंवा काचेच्या टाकीत ठेवलेल्या अजगराला ना सावली निवडता येते ना ऊन. त्याला श्वसनमार्गाचे संसर्ग होतात, कात तुकड्यातुकड्यांनी निघते, डोळ्यांवरची जुनी कात तशीच राहते. खाल्ल्यानंतर हाताळल्यास तो भक्ष्य ओकतो, आणि पाहुण्यांना दाखविण्याचा मोह बहुधा पोट भरून तो निपचित पडलेला असतानाच होतो.

अजगर दीर्घायुषीही असतो. अमेरिकेतील सेंट लुईस येथील प्राणिसंग्रहालयात साठी ओलांडलेल्या बॉल अजगराच्या मादीने २०२० साली अंडी घातली. बारावीत असताना हौसेने आणलेले पिल्लू पाळणाऱ्याच्या नोकरी, विवाह व बदल्यांनंतरही जिवंत असण्याची शक्यता असते, आणि तोवर त्याची लांबी घरातील खाटेपेक्षा अधिक झालेली असते. या टप्प्यावर बहुतेक छंद संपतात. प्राणी मात्र उरतो. तो कुठे जातो, हा या लेखातील कळीचा प्रश्न आहे.

कायद्याची स्थिती

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत भारतीय अजगराचा समावेश आहे. वाघाला जे संरक्षण तेच अजगराला. कलम ९ नुसार शिकारीस मनाई आहे आणि अधिनियमातील ‘शिकार’ या संज्ञेत मारण्याबरोबरच पकडणेही अंतर्भूत आहे. ही गोष्ट सुशिक्षित वर्गातही अनेकांना ठाऊक नसते. पिल्लाला इजा केली नाही, उलट दूध-अंडी दिली, हा बचाव कायद्यात बसत नाही. शिवाय साप दूध पचवूही शकत नाही. कलम ३९ अन्वये असा प्राणी राज्य शासनाची मालमत्ता ठरतो आणि तो ज्याच्या ताब्यात आला असेल त्याने अठ्ठेचाळीस तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यास किंवा प्राधिकृत अधिकाऱ्यास कळविणे बंधनकारक आहे. पहिल्या अनुसूचीतील प्राण्यासंबंधीच्या अपराधास कलम ५१ नुसार किमान तीन व कमाल सात वर्षे कारावासाची तरतूद आहे. दंडाची किमान रक्कम पूर्वी दहा हजार रुपये होती, ती २०२२ च्या दुरुस्तीने पंचवीस हजार करण्यात आली.

देशी अजगराविषयी कायदा असा निःसंदिग्ध असताना परदेशी अजगराविषयी तो दीर्घकाळ जवळपास मूक होता. १९७२ च्या अधिनियमाच्या अनुसूची भारतीय जीवजातींपुरत्या होत्या. पश्चिम व मध्य आफ्रिकेतील बॉल अजगर मुंबई-पुण्याच्या घरात आला की त्यास सीमाशुल्क व आयातविषयक नियम लागू होत. एकदा तो घरात पोहोचला की वन्यजीव कायदा हतबल असे. भारत १९७६ पासून ज्या आंतरराष्ट्रीय व्यापारविषयक करारात, म्हणजे साइट्समध्ये, सहभागी आहे त्याच्या यादीत सर्व अजगर समाविष्ट असूनही देशांतर्गत ताब्यासंबंधी स्वतंत्र तरतूद नव्हती. जून २०२० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने अशा प्राण्यांची स्वेच्छेने माहिती देण्याची योजना जाहीर केली. ठरलेल्या मुदतीत माहिती देणाऱ्याकडे प्राणी कोठून आणला याची कागदपत्रे मागितली जाणार नव्हती. या सवलतीमुळे नोंदी मिळाल्या हे खरे, पण चोरट्या मार्गाने आलेल्या प्राण्यांनाही सरसकट प्रतिष्ठा मिळाली, असा आक्षेप घेता येतो.

२०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली, साइट्समधील जीवजातींसाठी चौथी अनुसूची व स्वतंत्र प्रकरण निर्माण केले. फेब्रुवारी २०२४ मध्ये जिवंत प्राण्यांच्या नोंदणीचे नियम प्रसिद्ध झाले आणि ताब्यातील प्राणी सहा महिन्यांत नोंदविण्याचे बंधन आले. प्राण्याचा जन्म, मृत्यू, हस्तांतरण यांची माहितीही द्यावी लागते. कागदोपत्री आता पोकळी उरलेली नाही. व्यवहारात काय चालते याचे उदाहरण डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर दिसले. महसूल गुप्तचर संचालनालयाने बँकॉकहून आलेल्या प्रवाशाच्या सामानातून बिस्किटे व केकच्या पाकिटांत दडविलेले नऊ बॉल अजगर आणि दोन कॉर्न स्नेक जप्त केले. पाकिटात मावणारी ही पिल्ले कोणाच्या तरी मागणीवरूनच निघाली असणार.

फ्लोरिडाचा धडा

बोर धरणाच्या काठचा विचार करताना फ्लोरिडाचा दाखला द्यावा लागतो तो एका कारणाने. छंद संपल्यावर प्राण्याचे काय होते याचे सर्वांत सविस्तर उत्तर तेथे नोंदले गेले आहे. एव्हरग्लेड्स नावाच्या विस्तीर्ण पाणथळ प्रदेशात पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून आलेले ब्रह्मदेशी अजगर सोडले गेले. १९९२ च्या वादळात उद्ध्वस्त झालेल्या एका पैदास केंद्रातूनही काही निसटले असावेत, असे मानले जाते. २००० सालच्या सुमारास तेथे त्यांची प्रजननक्षम संख्या स्थिरावल्याचे मान्य झाले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रस्त्यांवरून दिसणाऱ्या सस्तन प्राण्यांची मोजणी पूर्वीच्या मोजणीशी ताडून पाहण्यात आली. रॅकूनच्या नोंदींत ९९ टक्क्यांहून अधिक, ओपॉसमच्या नोंदींत जवळजवळ ९९ टक्के आणि बॉबकॅट या रानमांजराच्या नोंदींत ८७ टक्क्यांहून अधिक घट आढळली. त्याच वर्षी अमेरिकेने या अजगराच्या आयातीवर व राज्याराज्यांतील वाहतुकीवर निर्बंध घातले. तोवर फार उशीर झाला होता. तेथे पकडलेल्या सुमारे ९८ किलोग्रॅम वजनाच्या एका मादीच्या पोटात १२२ अंडी वाढत होती.

भारतीय वाचकाच्या दृष्टीने या प्रकरणातील सर्वांत अर्थपूर्ण बाब २०१८ साली पुढे आली. फ्लोरिडातील काही अजगरांच्या जनुकीय तपासणीत ब्रह्मदेशी अजगराबरोबर भारतीय अजगराचेही वंशचिन्ह सापडले. दोन्ही जातींचा संकर झालेला होता आणि तो प्रजननक्षम होता. दोन्ही एकाच जातीच्या उपजाती मानल्या जात त्या काळात संग्रहालये व व्यापारी यांनी त्या वेगळ्या ठेवण्याची फारशी काळजी घेतली नसावी, हे समजण्यासारखे आहे. याचा अर्थ असा की व्यापारातून हाती येणारा ‘ब्रह्मदेशी’ अजगर वंशाने शुद्ध असेल याची शाश्वती नाही, आणि तो भारतीय अजगराच्या प्रदेशात सुटल्यास दोघांत संकर होण्यास जीवशास्त्रीय अडथळा नाही.

एव्हरग्लेड्समध्ये अजगर पाहुणा होता; तेथील भक्ष्य प्राण्यांना त्याची ओळख नव्हती. बोरमध्ये अजगर मूळचाच आहे. त्यामुळे फ्लोरिडाप्रमाणे सस्तन प्राण्यांचा संहार येथे होईल, असे म्हणणे अतिशयोक्त ठरेल. येथील हानी निराळ्या स्वरूपाची असेल आणि ती डोळ्यांना दिसणार नाही. बाहेरचा अजगर बाहेरचे परजीवी व रोग घेऊन येतो, आणि निकटच्या जातीचा असल्यास देशी वंशात मिसळतो. अशा मिसळीनंतर जंगलात अजगर दिसत राहतील, गणतीतही घट दिसणार नाही; केवळ ते पूर्वीचे अजगर नसतील. एकशे अडतीस चौरस किलोमीटरच्या जंगलात मोठ्या शिकारी सापांची संख्या मुळात मर्यादितच असणार. मर्यादित संख्येत असा बदल शिरण्यास फार प्राणी लागत नाहीत.

पकडणे आणि सोडणे

हिंगणी परिसरात आज परदेशी अजगराची समस्या आहे, असे सूचित करण्याचा येथे हेतू नाही. तथापि जी सवय उद्या तिला वाट देईल ती आजही अस्तित्वात आहे. पकडलेला साप ‘जंगलात’ सोडणे ही ती सवय होय. शहरातील वस्तीत पकडलेला अजगर जवळचे अभयारण्य म्हणून बोरकडे नेऊन सोडावा, असे सद्हेतूने सुचविले जाते. अजगराच्या दृष्टीने ‘जंगल’ असे काही नसते. त्याचे स्वतःचे बीळ, नाला व पाणवठा असतो. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात फ्लोरिडातील सहा ब्रह्मदेशी अजगर पकडून एकवीस ते छत्तीस किलोमीटर अंतरावर सोडले गेले. त्यांपैकी पाच आपल्या मूळ जागेच्या पाच किलोमीटरच्या आत परतले. हे अंतर कापताना त्यांनी रस्ते ओलांडले. वर्धा जिल्ह्यात असा प्रवास करणाऱ्या अजगराला पक्के रस्ते, कालवे आणि काठ्या घेतलेली माणसे पार करावी लागतील.

म्हणून सुदृढ देशी अजगर शक्य तितक्या लवकर, पकडल्या जागेच्या जवळच, वनविभागाच्या नोंदीनिशी सोडणे योग्य ठरते. जखमी प्राण्यासाठी वर्धा येथे पिपरी मेघे भागात करुणाश्रम आणि नागपुरात वनविभागाचे उपचार केंद्र व गोरेवाडा येथील बचाव केंद्र उपलब्ध आहे. जो अजगर काही महिने कोणाच्या घरात राहिला, इतर सापांबरोबर ठेवला गेला, किंवा ज्याचे मूळ ठाऊक नाही, तो कोणत्याही परिस्थितीत थेट रानात सोडता येत नाही. त्याची आधी पशुवैद्यकीय तपासणी व्हावी लागते आणि जात निश्चित करावी लागते. ब्रह्मदेशी अजगर गडद रंगाचा असतो, त्याच्या डोक्यावरील भाल्याची खूण पूर्ण व ठळक असते. भारतीय अजगरात ती नाकाकडे पुसट होते. पिवळसर-पांढरा अजगर रानात सापडल्यास तो पैदास केंद्रातून आला असण्याची शंका प्रथम घ्यावी.

महाविद्यालयांचा या व्यवहाराशी थेट संबंध येतो. नागपंचमी, वन्यजीव सप्ताह किंवा निसर्ग मंडळाच्या कार्यक्रमात सर्पमित्राने अजगर आणावा, विद्यार्थ्यांनी तो गळ्यात घालून छायाचित्रे काढावीत, हा प्रकार प्रबोधन म्हणून रूढ झाला. हेतू चांगला असला तरी त्यातून विद्यार्थ्याच्या मनावर एकच संस्कार होतो : अजगर हाती घेण्याजोगा आहे. पूर्वी आठवडी बाजारात गारुडी जे करी तेच येथे ध्वनिक्षेपकावरून होते. शिक्षण व संशोधनासाठी वन्य प्राणी पकडण्याची परवानगी कलम १२ खाली मिळू शकते. पहिल्या अनुसूचीतील प्राण्यासाठी मुख्य वन्यजीव रक्षकाला केंद्र शासनाची पूर्वसंमती घ्यावी लागते. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दूरध्वनीवरून मिळणारी ती गोष्ट नव्हे. प्राणिशास्त्र विभागाच्या कपाटातील फॉर्मेलिनमधला अजगर किंवा भिंतीवरचे जुने कातडे यांनाही अधिनियमाच्या तरतुदी लागू होतात. त्यांची नोंद कधी झाली होती काय, हे विभागप्रमुखांनी तपासून घेतलेले बरे.

याउलट, कोणत्याही परवानगीवाचून करता येण्याजोगे काम मोठे आहे आणि ते फारसे झालेले नाही. हिंगणी, बोर धरण व सेलूच्या पट्ट्यात अजगर कोणत्या महिन्यात, कोणत्या पिकात, धरणापासून किती अंतरावर दिसतो याच्या नोंदी शेतकऱ्यांच्या स्मरणात आहेत, कागदावर नाहीत. मिलन हिवाळ्यात होते, अंडी उन्हाळ्याच्या आरंभी घातली जातात, मादी सुमारे दोन महिने वेटोळे घालून ती राखते आणि स्नायूंच्या थरथरीने त्यांना ऊब देते. पिल्ले पावसाळ्याच्या तोंडावर बाहेर पडतात. तोच खरिपाच्या पेरणीचा हंगाम होय. त्यामुळे शेतकऱ्याची आणि अजगराच्या पिल्लाची गाठ नेमकी जून-जुलैत पडते, आणि पिल्लू घरी नेण्याचा निर्णय बहुधा त्याच धुऱ्यावर, काही मिनिटांत होतो. पदवीच्या विद्यार्थ्यांनी दोन-तीन हंगाम अशा भेटींची तारीख, जागा, अंदाजे लांबी आणि पुढे त्या सापाचे काय झाले, एवढ्या चार गोष्टी लिहून ठेवल्या तरी व्याघ्र प्रकल्पाच्या व्यवस्थापनाला आज उपलब्ध नसलेली माहिती हाती येईल. चौथ्या रकान्यातील नोंदी गोळा करणे सर्वांत अवघड जाईल, कारण पिल्लू घरी ठेवल्याचे कोणी सहजासहजी सांगत नाही.